दात साफ केल्यावर हिरड्या जास्तच दुखायला लागल्या, दुसऱ्या सिटिंगला जाऊ का?

पत्र:

डॉक्टर, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. पहिलंच गरोदरपण आहे, २२वा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यापासून ब्रश केला की रक्त यायचं, म्हणून ब्रश सोडून बोटाने पावडर लावत होते. गायनॅक मॅडम रागावल्या आणि दात साफ करून घ्यायला पाठवलं. शनिवारी वरच्या दातांचं क्लीनिंग झालं. आज चौथा दिवस. ठणका कमी झालाय, पण गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते, हिरड्या चुरचुरतात आणि पुढच्या दातांमध्ये फटी दिसायला लागल्यात. त्यात दोन दातांच्या मध्ये मसुराएवढी लाल गाठ दिसली. डेंटिस्टनी कागदावर ‘प्रेग्नन्सी ट्यूमर’ लिहून दिलंय. ते वाचल्यापासून झोप नाही. खुर्चीवर आडवं केल्यावर मला दरदरून घाम फुटला होता, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. घरी आल्यावर दुखतं म्हणून घरातलीच आयबुप्रोफेनची एक गोळी घेतली, आता त्याचीही भीती वाटते. सासूबाई म्हणतात, खरवडून दात ढिले केले, एका बाळंतपणाला एक दात जायचाच, उगाच दाखवायला गेलीस, मशेरी लाव. नवऱ्याला इंजेक्शन आणि एक्स-रेची भीती. खालच्या दातांची सिटिंग बाकी आहे. जाऊ की बाळंतपण होऊ दे? पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे आणि मला हसायचीही लाज वाटते.

— एक वाचक

उत्तर:

जा. खालच्या दातांची सिटिंग घे, आणि डोहाळजेवणाच्या आधीच घे.

तू लिहिलेल्या खुणांवरून क्लीनिंगमध्ये काही बिघडलं असं मला वाटत नाही. ठणका चार दिवसांत कमी होत आलाय, आणि ताप किंवा चढती सूज असल्याचं तू लिहिलेलं नाहीस. हिरडी बरी होते ती अशीच. बिघडत असती तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं असतं.

आधी हे रक्त कुठून आलं ते सांगते, कारण घरातला सगळा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं खूप वाढतात. त्यांच्यामुळे हिरड्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, त्यांच्या भिंती झिरपायला लागतात, आणि दातांच्या मुळाशी बसलेल्या जंतूंच्या थराला हिरडी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चिडते. हे साधारण दुसऱ्या महिन्यापासून दिसायला लागतं, आठव्या महिन्यापर्यंत वाढतं आणि बाळंतपणानंतर उतरतं. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होतो. पण एकट्या संप्रेरकांनी हिरडी सुजत नाही. त्यांना खाली तो जंतूंचा थर लागतो. तुझ्या बाबतीत झालं असं की रक्त दिसलं म्हणून ब्रश सुटला, ब्रश सुटला म्हणून थर साचला, थराचं कीटण झालं आणि रक्त आणखी वाढलं. बोटाने पावडर चोळून दाताचा दर्शनी भाग चकचकीत होतो. हिरडीच्या कडेखाली बोट पोचत नाही, आणि दुखणं तर तिथेच असतं.

आता फटी. पावसाळ्यानंतर चिऱ्यांच्या कुंपणावरचं शेवाळ खरवडलं की दगडांमधले सांधे उघडे दिसतात. ते सांधे काही खरवडण्याने पडलेले नसतात. तुझ्या दातांमधल्या जागेत कीटण बसलं होतं आणि वर सुजलेली हिरडी. कीटण निघालं, सूज उतरायला लागली, म्हणून मोकळी जागा दिसते आणि दात जरा लांब वाटतात. इतके दिवस कीटणाखाली झाकलेला मुळाजवळचा भाग आता उघडा पडलाय, त्याला गार पाणी लागतं आणि कळ जाते. ही कळ बहुतेक जणींची आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. सेन्सिटिव्ह दातांची फ्लोराइड असलेली टूथपेस्ट तोवर वापर. रात्री झोपताना तीच थोडी बोटावर घेऊन कळ येणाऱ्या दातांच्या मुळाशी हलकेच लाव आणि थुंकून टाक, लगेच चूळ भरू नकोस.

दात किंचित हलल्यासारखे वाटत असतील तर तेही होतं. गरोदरपणात दात धरून ठेवणारे तंतू थोडे सैल पडतात आणि नंतर पूर्ववत होतात. मात्र एखादाच दात ठळकपणे हलत असेल, तर पुढच्या सिटिंगला तो बोट ठेवून दाखव.

ती गाठ मी पाहिलेली नाही. ज्यांनी पाहिली त्यांनी नाव लिहिलंय, आणि त्या नावाच्या गाठीबद्दल मी खात्रीने सांगू शकते. तो कर्करोग नाही. कर्करोगात बदलणारी गोष्टही नाही. चिडलेल्या हिरडीने बारीक रक्तवाहिन्यांचा केलेला तो एक गुंता आहे, म्हणून लालभडक दिसतो आणि नुसता धक्का लागला तरी रक्त काढतो. बहुतेकदा वरच्या पुढच्या दातांमध्येच येतो, तुझा आलाय तसा. शंभरात एखाद-दुसरीला, फार तर पाच जणींना होतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत बहुतेक वेळा आपोआप बसतो. म्हणूनच शक्यतो तो आत्ता कापत नाहीत. गरोदरपणात काढला तर पुन्हा उगवण्याची शक्यता जास्त असते. खाताना दाताखाली चावला जायला लागला, किंवा रक्त थांबेनासं झालं, तर मात्र जागेपुरती भूल देऊन आत्ताही काढता येतो. काढलेला तुकडा तपासायला पाठवतात. ती रीतच आहे, घाबरून जायचं नाही. बाळ चार-पाच महिन्यांचं झाल्यावरही गाठ तशीच असेल तर दाखवून काढून घे. तोवर तिला दोरा बांधणं, नखाने खुडणं, तुरटी दाबून धरणं, यातलं काहीही करायचं नाही. आमच्याकडे दोरा बांधून आलेल्या पाहिल्या आहेत म्हणून सांगते.

खुर्चीवर घाम फुटला ती भीती नव्हती, निदान नुसती भीती तर नव्हतीच. साधारण विसाव्या आठवड्यापासून गर्भाशय इतकं जड होतं की उताणं झोपल्यावर पाठीच्या कण्याजवळून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर त्याखाली दबते. रक्तदाब उतरतो, घाम फुटतो, मळमळतं, अंधारी येते. डाव्या कुशीवर वळलं की काही मिनिटांत बरं वाटतं. पुढच्या वेळी खुर्चीवर बसण्याआधीच सांग, “डॉक्टर, मागच्या वेळी मला अंधारी आली होती. खुर्ची पूर्ण आडवी नको आणि उजव्या कमरेखाली उशी द्या.” उशी नसेल तर चादरीची घडीही चालते. मध्येमध्ये बसून घे. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून घे. डिचोलीहून जायचं तर सकाळची वेळ माग आणि उपाशी जाऊ नकोस. मात्र सकाळी अजून ओकाऱ्या होत असतील तर दुपार बरी. अर्ध्या-पाऊण तासाची छोटी सिटिंग पुरे.

तुझ्या नवऱ्यासाठी दोन गोष्टी. दातासाठी देतात ते लिग्नोकेनचं भुलीचं इंजेक्शन गरोदरपणात वापरायला सुरक्षित आहे, अॅड्रेनलिन मिसळलेलंही, नेहमीच्या थोड्या मात्रेत. भूल न देता दुखणं सोसत बसलीस तर उलट तुझाच रक्तदाब आणि जीव वरखाली होणार. दाताच्या एक्स-रेचा झोत तोंडापुरता असतो आणि मात्रा अगदी कमी. गरज असेल तर काढायचा, उगाच काढायचा नाही. क्लीनिंगला बहुतेक वेळा दोन्हींची गरज पडत नाही.

क्लीनिंगने बाळाला काही होतं का, हा प्रश्न तू स्पष्ट विचारला नाहीस, पण पत्रभर तोच आहे. अमेरिकेत ८२३ गरोदर बायकांवर याचीच चाचणी झाली होती, २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या बायकांच्या हिरड्यांची खोलवर सफाई २१व्या आठवड्याच्या आत केली, उरलेल्यांची बाळंतपणानंतर. आधी सफाई केलेल्यांना त्यामुळे अपाय झाला नाही आणि त्यांच्या हिरड्या सुधारल्या. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं मात्र त्याने कमी झाली नाहीत. हेही सांगून ठेवते, कारण ‘हिरड्या साफ केल्या नाहीत तर बाळ लवकर येईल’ अशी भीती घालणारेही भेटतील. ज्यांच्या हिरड्या फार खराब असतात त्यांच्यात लवकर बाळंत होण्याचं प्रमाण जास्त दिसलंय, पण एक दुसऱ्यामुळेच होतं हे ठरलेलं नाही. तू दात साफ करायचे ते दुखणं थांबावं, नीट खाता यावं आणि हिरडीत पू होऊ नये म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे.

मग बाळंतपणानंतर का नको? कारण नंतर तू जाणार नाहीस. हे टोमणा मारून म्हणत नाही. महिनाभर घराबाहेर पडू देणार नाहीत, मग रात्रीची जागरणं, मग बाळाला कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. दरम्यान खालच्या दातांवर आणखी किमान पाच महिन्यांचं कीटण बसेल. आत्ताचे दिवस सर्वांत सोयीचे आहेत. पोट अजून फार मोठं नाही आणि बहुतेकींच्या ओकाऱ्याही थांबलेल्या असतात. शेवटच्या तीन महिन्यांत उपचार करता येत नाहीत असं नाही, पण खुर्चीवर आडवं होणं नकोसं होतं.

गोळीचं बोलू. एक गोळी घेतलीस, ती गेली. एवढ्याने बाळाला काही झालं असेल असं समजून झोप उडवू नकोस, पुढच्या भेटीत गायनॅकना सांग म्हणजे झालं. पण पुन्हा घेऊ नकोस. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या २०व्या आठवड्यानंतर टाळायच्या असतात. त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तसा इशारा दिलाय. ३० आठवड्यांनंतर बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधी बंद होण्याचाही धोका असतो. आपल्याकडे कपाटात पडलेल्या दुखण्याच्या गोळ्यांपैकी पुष्कळ जोडगोळ्या असतात, पॅरासिटामॉलसोबत यातलं एक. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन आहे. पाकिटामागची बारीक अक्षरं वाच. दुखलंच तर नुसतं पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर, तेही एखाद-दोन दिवस आणि गायनॅकना फोन करून. डेंटिस्टनी अँटिबायोटिक लिहून दिलं तर आपण गरोदर आहोत हे औषधाच्या दुकानातही सांग. अमॉक्सिसिलिन चालतं. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन नको, त्याने पोटातल्या बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात.

घरी काय करायचं? कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या. खूप मऊ, लहान डोक्याचा ब्रश आण. मुलांचा मिळाला तर तोही चालेल, मागच्या दाढांकडे नेताना ओकारी कमी येते. ब्रशचे केस दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेवर तिरके टेकवायचे, अर्धे दातावर, अर्धे हिरडीवर, आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचे. आडवं घासायचं नाही. पहिले काही दिवस रक्त येणार. रक्त येतं त्याच जागेला ब्रशची जास्त गरज आहे, हे स्वतःला बजावून सांग. आठ-पंधरा दिवसांत रक्त कमी होईल. गाठीवर मात्र ब्रश फिरवू नकोस, तिच्या बाजूने फिरव. माउथवॉश दिला असेल तर तो अल्कोहोल नसलेला असावा आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. क्लोरहेक्सिडीनचा असेल तर टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून वापर, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही.

ओकारी झाली की लगेच ब्रश करू नकोस. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच तेवढ्यापुरतं नरम झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भर, ब्रश अर्ध्या तासाने. डोहाळ्यांच्या आंबटाचंही तेच. तोरं, बिमली, करमलं, आवळे, खा की, कोण नाही म्हणतंय. पण दिवसभर तोंडात घोळवत बसू नकोस. जेवणासोबत खा आणि वर साध्या पाण्याने चूळ भर. सोलकढीलाही हाच नियम. हे चार दिवस उकड्या तांदळाची पेज कोमट करून खा. कडक उंड्याचं, म्हणजे गोल पावाचं, कवच हिरडीला टोचतं, खायचाच तर चहात बुडवून. मासळी चालेल, पण तारल्यांचे बारीक काटे सुजलेल्या हिरडीत शिरले की काढणं मुश्कील होतं. त्यापेक्षा मोदसोसारखा मोठा मासा बरा.

लवंगेचं तेल सोललेल्या हिरडीला भाजतं, लावू नकोस. फेणीचा बोळा धरायला कुणी सांगेलच. गरोदरपणात तो तर अजिबात नको. हळदीने नुकसान नाही, पण कीटण हळदीने निघत नाही.

आता थांबायचं नाही अशा खुणा. ताप, गालावर किंवा हनुवटीखाली सूज, तोंड नीट उघडत नाही, गिळताना त्रास, हिरडीतून पू, दुखणं कमी होऊन पुन्हा वाढणं, किंवा स्वच्छ कापडाची घडी वीस मिनिटं घट्ट दाबूनही न थांबणारं रक्त. यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखव. आपल्या डेंटिस्टकडे सोय नसेल तर बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आहे, आणि शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ, त्यामुळे दात आणि बाळ दोन्ही एकाच फेरीत बघून होतात. रात्री सूज चढून श्वास किंवा गिळणं अडलं तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करून गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत.

आणखी एक, गायनॅकना विचारून घे. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी असते, ती चुकवू नकोस. रक्तात साखर वाढली की हिरड्या अशाच सुजतात आणि लवकर भरत नाहीत.

डोहाळजेवणाला हिरडीचा रंग बराच निवळलेला असेल. गाठ तिथेच असेल, पण ती तुला आरशात नाक चिकटवल्यावर दिसते. पाटावर बसलेल्या बाईच्या दातांत कुणी डोकावत नाही.

राहिल्या सासूबाई. एका बाळंतपणाला एक दात, हे त्यांनी बघितलेलं असेल, खोटं नाही. त्या पिढीत सहा-सहा महिने ओकाऱ्या, आंबट खाणं, हिरडीला ब्रश नाही, आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचं ते काढायलाच. दात गेले ते त्यामुळे. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेत नाही. एकदा तयार झालेल्या दातातून ते परत रक्तात जात नाही. कमी पडलं तर हाडांतून घेतलं जातं, म्हणून १४व्या आठवड्यानंतर कॅल्शियमच्या गोळ्या देतात. त्या घेत असशीलच. लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी मात्र घेऊ नकोस, एक सकाळी, एक दुपारी, असं कर.

मशेरी मात्र नाही म्हणजे नाही. तो भाजलेला तंबाखू आहे. उघड्या हिरडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं, तिथून बाळाकडे, आणि बाळाचं वजन कमी भरतं. रक्त थांबल्यासारखं वाटतं ते निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात म्हणून, हिरडी आत तशीच कुजत राहते. हे त्यांना तू सांगू नकोस, नवऱ्याला सांगू दे. सुनेच्या तोंडून ऐकायला जड जातं, मुलाच्या तोंडून कमी. आणि इतकी वर्षं त्या मशेरी लावत असतील तर त्यांचंही तोंड एकदा आतून बघून घ्यायला हवं, गालाच्या आतल्या बाजूला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का. तुझ्या सिटिंगच्या दिवशी त्यांना सोबत म्हणून ने. तुझं काम चालू असताना त्या बाहेर बसतील, मग डॉक्टरांना हळूच सांग, “आईंचंही एकदा बघा.”